कुसुमाचं पान, क्रोटनचं पान

मार्च संपत आला की चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं जंगल राखाडी होतं. साग निष्पर्ण झालेला, ऐनाची भेगाळलेली साल उघडी पडलेली, खाली पाचोळ्याचा थर. पळसाचा बहर ओसरलेला असतो. अशा वेळी त्या राखाडी रानात मधूनच एखादं झाड शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत लालभडक दिसतं. नवखा माणूस गाडी थांबवून विचारतो, हे कसलं फूल? ते फूल नसतंच. ती कुसुमाची पालवी असते. कुठे कोशिंब म्हणतात, आपल्याकडे कुसुम. पुढच्या काही आठवड्यांत तो लाल तांबूस होतो, तांबूसाचा पोपटी होतो आणि मे महिन्यात तेच झाड इतकं गडद हिरवं दिसतं की महिन्यापूर्वीचं लाल झाड हेच, हे सांगूनही पटत नाही.

आता चंद्रपूरच्या कुठल्याही कॉलनीत शिरा. फाटकाशी, तुळशीवृंदावनाच्या आडोशाला, जिन्याच्या कडेला एक तरी क्रोटन असतोच. त्याच्या एकाच फांदीवर वरून खाली नजर फिरवली तर कुसुमाच्या नेमकी उलट गोष्ट दिसते. शेंड्याचं कोवळं पान हिरवं, त्यावर पिवळ्या शिरा. त्याखालच्या पानांत पिवळा रंग शिरांच्या बाहेर पसरू लागलेला. आणखी खाली नारिंगी, मग गुलाबी छटा आणि अगदी तळाची जुनी पानं जवळपास काळपट लाल. कुसुम लाल जन्मतं आणि हिरवं होतं. क्रोटन हिरवा जन्मतो आणि लाल होतो. रंग तोच, क्रम उलटा. रंगीत पानांची झाडं घरात आणणाऱ्या प्रत्येकाने ही दोन पानं एकदा शेजारी ठेवून वाचावीत असं मला मनापासून वाटतं, कारण पानाच्या रंगात काय काय लिहिलेलं असतं ते या जोडीतून फार स्पष्ट कळतं.

कुसुमाच्या कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून भरायचं असतं आणि ऊन मात्र मार्च-एप्रिलचं, विदर्भातलं. अँथोसायनिन नावाचं तांबडं रंगद्रव्य त्या नाजूक पेशींवर सावली धरतं. पान आपलं काम करायला तयार झालं की हे छत्र मागे हटतं आणि हिरवा वर येतो. कोवळी लाल पानं किड्यांच्या नजरेतून किंवा तोंडातून वाचतात, असंही एक मत आहे. मोहाची पालवी तांबूस असते, पिंपळाची तर सगळ्यांनी पाहिलेली असते. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. गडचिरोलीकडच्या मुलांना हा खेळ शिकवावा लागत नाही. म्हणजे लाल पान इथल्या माणसाला परकं नाही. या रानात लाल म्हणजे कोवळेपणा.

क्रोटनचं रान वेगळं. तो मूळचा मोलुक्का बेटांच्या आणि आसपासच्या प्रदेशातला, बारमाही दमट हवेतला. त्याचं वर्णन सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फियस या निसर्गअभ्यासकाने करून ठेवलं होतं. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७४१ पासून छापून यायला लागला. तिकडे गावांच्या कुंपणाला हे झाड लावत. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काचघरांत त्याच्या जातींचं वेड पसरलं आणि आपल्या शहरांतल्या बागांतूनही तो रुळला. क्रोटनचा लाल कोवळेपणाचा नाही. पान जून होत जातं तसा त्यात तांबडा रंग साठत जातो, आणि तो साठायला भरपूर उजेड लागतो. त्याला अंधाऱ्या बैठकीत नेऊन ठेवलं की नवी पानं हिरवी येतात आणि हिरवीच राहतात. नर्सरीतून लालजर्द आणलेला क्रोटन घरात ‘फिका पडला’ अशी तक्रार ऐकू येते. तो फिका पडलेला नसतो. उजेड कमी पडला, असं तो अगदी सरळ शब्दांत सांगत असतो.

काही जाणकार बागप्रेमी क्रोटनला नाक मुरडतात. भडक, सरकारी कार्यालयाच्या आवारातलं झाड, असं म्हणतात. मला हे अन्यायाचं वाटतं. त्याची एक फांदी नीट पाहिली तर भडकपणा कुठे आणि शिस्त कुठे ते दिसतं. रंग कधीही शिरांची मर्यादा एकदम ओलांडत नाही. आधी मधली शीर, मग तिच्या उपशिरा, मग त्यांच्या मधली जागा. रुंद पानाच्या ‘पेट्रा’ जातीत हा प्रवास एखाद्या नकाशासारखा वाचता येतो. ‘गोल्ड डस्ट’मध्ये शिरांऐवजी पिवळे शिंतोडे असतात आणि दोन पानांवरचे शिंतोडे कधी जुळत नाहीत. अरुंद, पिळदार पानांच्या जातीत तर पान स्वतःभोवती फिरतं, त्यामुळे एकाच नजरेत पुढची बाजू आणि पाठ दोन्ही दिसतात. इतकी विविधता देणारं झाड फाटकाशी मुकाट उभं असतं आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही, याचं वाईट वाटतं. फक्त एक सांभाळावं. त्याची जागा सारखी बदलू नये. या खोलीतून त्या खोलीत फिरवला की तो पानं टाकून देतो. आणि त्याचा चीक अंगाला लागला तर काहींना खाज सुटते, म्हणून छाटणी झाल्यावर हात धुवावेत.

पान वाचणं ही कला चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कुणी बाहेरून आणलेली नाही. गडचिरोलीतल्या कितीतरी घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न मे महिन्यातल्या तेंदूच्या पानावर असतं. त्याची तयारी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. रानातली तेंदूची झुडपं बुडाशी छाटतात. छाटलेल्या खुंटावर जोमाने नवे फुटवे येतात आणि साधारण दीड महिन्यात विडीला लायक पान तयार होतं. तोडणारी बाई पानाला हात लावून ठरवते. फार कोवळं असेल तर वाळताना आकसेल, फार जून असेल तर वळताना तुटेल. कीड लागलेलं, गाठी आलेलं, भोक पडलेलं पान ती झाडावरच सोडते. तांबूस झाक कितपत उतरली आहे, लव कितपत गेली आहे, बोटाखाली पान कागदासारखं वाटतं की चामड्यासारखं, हे सगळं ती चालता चालता वाचते. मग सत्तर पानांचं पुडकं बांधलं जातं, हजार पुडक्यांची एक गोणी धरतात. आता अनेक ग्रामसभा आपल्या पानाचा लिलाव स्वतः करतात, त्यामुळे पानाची पारख ही गावाच्या वाटाघाटीची ताकद झाली आहे.

हे सांगायचं कारण म्हणजे कोलियस. कोलियसची कुंडी घेऊन जाणाऱ्याला नर्सरीतले लोक एकच गोष्ट बजावतात, शेंडा खुडत राहा, झाड भरेल. शेंडा खुडला की खालच्या पेरांवरचे डोळे जागे होतात आणि एका काडीच्या जागी चार फांद्या फुटतात. तेंदूच्या खुंटावर जे घडतं तेच, फक्त कात्रीच्या जागी बोटं असतात. तरीही बरेच लोक खुडत नाहीत. वरचं रंगीत पान तोडवत नाही. मग कोलियस उंच, लुकडा होतो, खालची पानं गाळतो आणि निळसर तुरा काढून मोकळा होतो. तो तुरा दिसायला लागला की पानांचा रंग उतरू लागतो, म्हणून तुराही खुडायचा. फुलाची हौस ज्याला आहे त्याने गुलाब लावावा. कोलियस पानासाठीच ठेवायचा असतो आणि पान हवं असेल तर त्याला पुन्हा पुन्हा कोवळं व्हायला लावावं लागतं.

कोलियसचं पान वाचायला क्रोटनपेक्षा अवघड. त्यात मधला भाग गडद जांभळा, त्याभोवती गुलाबी पट्टा, काठाला पोपटी दातेरी किनार, असे थर असतात. सकाळी आठ-नऊपर्यंतचं ऊन मिळालं तर तिन्ही थर स्पष्ट राहतात. दुपारच्या उन्हात गुलाबी भाग आधी विटतो, कारण तिथे हरितद्रव्य कमी असतं आणि झळ सोसायची ताकदही कमी. घरात खोलवर ठेवलं तर पोपटी किनार आत सरकायला लागते आणि जांभळा मागे हटतो. या किनारीच्या रुंदीवरून कुंडी खिडकीपासून किती लांब गेली आहे, याचा अंदाज बांधता येतो.

एप्रिल संपला की इथे वाचनाचा कस लागतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो, काही वर्षी ४८ लाही टेकतो. नवतपात तर बाहेरच्या कुंडीतली माती दुपारी हाताला चटका देते. उष्ण कटिबंधातलं झाड आहे म्हणजे त्याला उष्णता चालेल, हा समज इथे साफ चुकतो. कॅलेथिया, मरांटा, ॲग्लोनिमा ही झाडं मोठ्या वृक्षांच्या सावलीत, ओलसर हवेत वाढलेली. त्यांना ऊब हवी असते, झळ सोसत नाही. आणि इथेच विदर्भातल्या घरातली एक साधी वस्तू त्यांच्या कामी येते. कूलर. वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळीतून येणारी ओली हवा खोलीतला दमटपणा वाढवते. एसीच्या खोलीत ज्या कॅलेथियाच्या कडा सुरकुततात, ती कूलरच्या खोलीत मे महिन्यातही नवं पान उलगडते. झोत अंगावर घ्यायचा नाही, खोलीच्या कोपऱ्यात बसायचं, एवढं तिला पुरतं.

पण कूलरचं पाणी ही वेगळी गोष्ट. टाकीतलं पाणी दिवसभर उडत राहतं आणि क्षार मागे उरतात. टाकी धुताना ते उरलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून कुंड्यांत ओततात. पाणी जपणाऱ्या घराची ही सवय चांगल्या मनाची असली तरी रंगीत पानांना ती बाधते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याचंही तसंच. दोन्ही पाणी फरशी पुसायला घ्यावं.

याच्या पुढे एक गंभीर गोष्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅम ही आपल्याकडची कमाल मर्यादा. तिच्यावरचं पाणी लहानपणापासून पिणाऱ्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात आणि पुढे हाडांवरही परिणाम होतो. आता ड्रॅसिना आणि कॉर्डिलाइन पाहा. बाकीची बहुतेक झाडं जिथे तक्रार करत नाहीत, तिथे ही दोन्ही फ्लोराइडला चटकन बोलतात. मुळांतून वर चढलेलं फ्लोराइड पानाच्या टोकाशी जाऊन साठतं, कारण पाणी तिथून उडून जातं आणि ते मागे राहतं. पानाचं टोक तपकिरी होतं, त्या तपकिरीला पिवळी कड येते आणि ती कड हळूहळू खाली सरकते. अर्थात जळालेलं टोक म्हणजे फ्लोराइडच, असा निष्कर्ष लगेच काढू नये. कोरडी हवा, साठलेले क्षार, अनियमित पाणी यांनीही तेच होतं. पण बोअरवेलच्या पाण्यावर वाढणाऱ्या ड्रॅसिनाची सगळी पानं एकाच पद्धतीने जळत असतील, तर कुंडीपाशी थांबू नये. त्या घरातली मुलं तेच पाणी पितात का, हे विचारावं आणि पाणी तपासून घ्यावं. रंगीत पानांच्या छंदाकडे ‘शहरी चोचले’ म्हणून पाहणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो. पावसाचं पाणी साठवून ठेवलं आणि सुपर फॉस्फेट टाळलं, कारण त्यातही फ्लोराइड असतं, तर ड्रॅसिना पुन्हा स्वच्छ पानं देतो.

धुळीचंही बोलायला हवं. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने यांमुळे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यमापनात चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत वरच्या क्रमांकावर होतं. घरात झाडं ठेवली की हवा शुद्ध होते, असं सांगून नर्सरीत बरीच विक्री होते. त्याला आधार म्हणून नासाच्या १९८९ च्या प्रयोगाचं नाव घेतात. तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. उघड्या खिडकीच्या घरात दहा-वीस कुंड्यांनी हवेत मोजता येण्यासारखा फरक पडत नाही. चंद्रपूरकरांच्या फुप्फुसांचा प्रश्न ॲग्लोनिमावर सोपवू नये. तिच्या पानावर बसलेली काळी धूळ मात्र ओल्या फडक्याने दर आठवड्याला पुसावी, कारण त्या थराखाली पानाला उजेडच मिळत नाही.

पाऊस लागला की सगळं बदलतं. जूनमध्ये इथल्या रानात जमिनीखालचे कंद जागे होतात. उन्हाळाभर जिथे नुसता पाचोळा होता तिथे कळलावीच्या वेली आणि मुसळीची पाती वर येतात. कॅलेडियम हे दक्षिण अमेरिकेतलं, ॲमेझॉनच्या खोऱ्याकडचं झाड, पण त्याची लय नेमकी हीच. कोरड्या दिवसांत पान टाकून कंदात झोपायचं आणि ओल आली की उठायचं. परदेशातले लोक त्याचे कंद पेटीत भरून, ऊब देऊन, तारखा लावून जागे करतात. गडचिरोलीत ओसरीच्या वळचणीखाली कुंडी ठेवली की बाकीचं पाऊस बघून घेतो. म्हणून या दोन जिल्ह्यांत रंगीत पानाचं पहिलं झाड कोणतं आणावं असं कुणी विचारलं तर मी कॅलेडियम सांगतो. ते इथल्या ऋतूंशी भांडत नाही.

कॅलेडियमचं पान उजेडाच्या विरुद्ध दिशेने पाहायचं असतं. ते इतकं पातळ असतं की मागून ऊन आलं तर गुलाबी भाग आतून पेटल्यासारखा दिसतो आणि हिरव्या शिरांचं जाळं उठून येतं. त्यामुळे ते भिंतीला टेकवून ठेवणं म्हणजे निम्मं झाकून ठेवणं. पूर्वेच्या खिडकीत, किंवा ओसरीच्या कठड्यावर, आपण आत बसून बाहेर बघू अशा जागी त्याची कुंडी शोभते. रेक्स बेगोनियाचं उलटं. त्याच्या पानावरचा रुपेरी भाग रंगद्रव्याचा नसतोच. वरच्या सालीखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांवरून उजेड परततो आणि चांदी दिसते. त्याला मागून उजेड दिला तर ती चांदी मरते. समोरून, किंचित वरून उजेड यायला हवा. हे बेगोनिया आपल्याच ईशान्य भारतातलं. झेब्रिनाच्या पानावरचे रुपेरी पट्टे याच जातीचे, पण पाठ जांभळी, म्हणून ती उंचावर टांगावी, खालून बघणाऱ्याला पाठ दिसते.

मांडणीचा खरा नियम मला कुसुमाने शिकवला. ते झाड इतकं लाल वाटतं कारण आजूबाजूला सगळं राखाडी असतं. सगळं जंगल लाल असतं तर एकही झाड लक्षात राहिलं नसतं. घरात मात्र आपण क्रोटन, कोलियस, कॅलेडियम, रिओ, सगळे एकाच ओळीत दाटीने लावतो आणि ते एकमेकांना खाऊन टाकतात. एका रंगीत कुंडीच्या बाजूला दोन साधी हिरवी झाडं असावीत. नेचा चालेल, साधा मनी प्लँटही चालेल. मागे चुन्याने रंगवलेली भिंत असेल तर त्याहून चांगलं काही नाही. आणि कुंडी रंगीबेरंगी चिनी मातीची नको. भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघाने मातीकामाची जी परंपरा जोपासली, ती आपल्या दाराशी आहे. भाजलेल्या मातीचा तांबूस विटकरी रंग जांभळ्या आणि पोपटी, दोन्ही पानांना सांभाळून घेतो. शिवाय तिची भिंत पाणी पाझरू देते, त्यामुळे मुळांना हवा मिळते आणि पावसाळ्यात ती कुजत नाहीत. प्लास्टिकच्या कुंडीला बुरुडाकडची बांबूची टोपली बाहेरून घातली तरी चालतं. टोपलीच्या तळाशी पाणी साचू द्यायचं नाही, एवढंच.

लहान मुलं आणि शेळ्या असलेल्या अंगणात कॅलेडियम, ॲग्लोनिमा खाली ठेवू नयेत. त्यांच्या पानांत अळूसारखे खाजरे स्फटिक असतात आणि तोंडाला आग होते. कठड्यावर ठेवावीत.

ऑक्टोबर सरला की कॅलेडियमची पानं पिवळी पडून लोळायला लागतात. झाड मेलं समजून लोक कुंडी रिकामी करतात, आणि त्यातच कंद जातो. पानं स्वतःहून वाळू द्यावीत, पाणी हळूहळू थांबवावं आणि कुंडी तशीच कोरड्या सांदीत ठेवून द्यावी. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लँटचीही नवी रोपं करता येतात. पण त्याचं पान कापून रुजवलं तर नवं झाड नुसतं हिरवं येतं. तो पिवळा काठ पानाच्या पेशींच्या एका वेगळ्या थरात असतो आणि कापलेल्या पानातून उगवणारं रोप तो थर सोबत आणत नाही. मुळाशी फुटलेलं पिल्लू वेगळं केलं तरच काठ टिकतो. कोलियसला थंडी अजिबात चालत नाही. डिसेंबरच्या रात्री गडचिरोलीत पारा दहाच्या आसपास आला की त्याची पानं काळी पडतात. म्हणून नोव्हेंबरातच बोटभर लांबीच्या छाटण्या घ्याव्यात, खालची पानं काढावीत आणि पाण्याच्या बाटलीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवाव्यात. दहा-बारा दिवसांत पांढरी मुळं सुटतात. फेब्रुवारीत त्या मातीत लावल्या की पहिला शेंडा महिन्याभरात खुडायला येतो.